पाहुण्या पक्ष्यांवरचा आळ

१९५७ सालचा मार्च महिना. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. तिथे माकडे मरून पडू लागली. काळतोंडी वानरे मरत होती, तशीच लालतोंडी माकडेही. त्याच सुमारास जंगलाच्या कडेची गावे तापाने फणफणली होती. सुरुवातीला हा विषमज्वराचाच प्रकार असावा असे वाटले, पण लक्षणे जुळेनात. ताप एकाएकी चढे, डोके असह्य ठणके, अंग मोडून येई आणि काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त वाहू लागे. सरपण आणायला, पालापाचोळा गोळा करायला रानात जाणारेच जास्त आजारी पडत होते. गावकऱ्यांनी दोन्ही गोष्टींची सांगड केव्हाच घातली होती. त्यांनी या दुखण्याला नाव दिले ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडांचा आजार.

ही खबर पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात पोहोचली तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा आला. त्यांच्या भीतीचे कारण मात्र गावकऱ्यांपेक्षा वेगळे होते. रानात माकडे मरायची आणि शेजारी माणसे तापायची, हे चित्र त्यांना दक्षिण अमेरिकेतून ठाऊक होते. तिथे त्याचा अर्थ पीतज्वर असा होई. आशिया खंडात पीतज्वर कधीच आलेला नव्हता, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्या शहरांत घरोघरी होता. रोग एकदा शिरला असता तर त्याला आवरणे कठीण होते.

हे केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून उभारले होते. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. संचालक होते टेलफोर्ड वर्क नावाचे अमेरिकी डॉक्टर, आणि त्यांच्या सोबतीला कीटक व प्राणी यांचे जाणकार हॅरोल्ड ट्रॅपिडो. मेलेल्या माकडांचे आणि आजारी माणसांचे नमुने पुण्यात आले. नवजात पांढऱ्या उंदरांना ते टोचण्यात आले आणि त्यातून विषाणू हाती लागला. तो पीतज्वराचा नव्हता, आणि एवढ्यावर सुटकेचा निःश्वास टाकता आला असता. पण या विषाणूचे नातलग सापडले ते भलत्याच मुलुखात.

ते नातलग होते रशियात. तिथल्या अतिपूर्वेकडच्या तैगा जंगलात वसंत ऋतूत मेंदूज्वराची साथ येई. १९३७ साली लेव्ह झिल्बर यांच्या मोहिमेने तिचा विषाणू शोधला होता आणि तो गोचिडांमार्फत पसरतो हे दाखवून दिले होते. त्यानंतर दहा वर्षांच्या आत पश्चिम सायबेरियातल्या ओम्स्क भागात त्याच कुळातला, पण रक्तस्रावी ताप आणणारा विषाणू आढळला. क्यासनूरचा विषाणू या घराण्यातला निघाला. तो वाहणाराही गोचीडच होता, हिमाफिसॅलिस स्पिनिजेरा या जातीचा. पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही त्याची लागण झाली, इतक्या सहज तो जडत होता. सायबेरियाच्या बर्फाळ रानातले हे घराणे शिमोग्याच्या मलनाड भागातल्या सुपारीच्या बागांशेजारी कसे येऊन पोहोचले, हा प्रश्न आता सर्वांपुढे उभा राहिला.

संशयाची सुई आकाशाकडे

सायबेरियातून दरवर्षी न चुकता भारतात येणारे कोण, याचे उत्तर कोणत्याही शिकाऱ्याने चटकन दिले असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात बदके, हंस, चिखलपक्षी, धोबी, वटवटे उत्तरेकडून उतरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. आपल्याकडे टिपलेल्या बदकांच्या पायांत अधूनमधून ‘मोस्क्वा’ अशी अक्षरे असलेली कडी मिळत. इकडे मंगन कायिलेचा हंगामही थंडीत सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चाले. पाहुण्यांचा मुक्काम आणि रोगाचा हंगाम असे एकमेकांवर बसत होते.

वर्क यांच्या मनात पक्षी येण्याला आणखी एक कारण होते. पुण्यास येण्यापूर्वी ते इजिप्तमध्ये वेस्ट नाइल विषाणूवर काम करत होते आणि त्या विषाणूचे पक्ष्यांशी असलेले नाते त्यांनी जवळून पाहिले होते. कैरोत हॅरी हूग्स्ट्राल हे गोचिडांचे जगन्मान्य अभ्यासक होते. युरोप, आशिया आणि आफ्रिका यांच्यामध्ये ये-जा करणारे हजारो पक्षी पकडून ते त्यांच्या अंगावरचे गोचीड वेचत होते. पक्ष्याच्या पिसांत लपून गोचीड खंड ओलांडतो, हे त्या कामातून दिसले होते. तेव्हा सायबेरियाचा गोचीड पक्ष्यासोबत भारतात आला असेल, ही कल्पना मुळीच वेडगळ नव्हती. उपलब्ध माहितीवरून कोणत्याही शहाण्या माणसाने आधी तिकडेच पाहिले असते.

पण तपासायचे म्हटले तर भारतात येणारा कोणता पक्षी नेमका कुठून येतो, हेच धडपणे ठाऊक नव्हते. १९२० च्या दशकात धार संस्थानात आणि पुढे इतरत्र बदकांच्या पायांत कडी अडकवण्याचे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने झाले होते, पण ते हौसेच्या पातळीवरचे. मोठ्या प्रमाणावर काम करायला ना पैसा होता, ना माणसे. सोसायटीचे पक्षितज्ज्ञ सालिम अली यांना असा अभ्यास कित्येक वर्षे करायचा होता. ती संधी एका तापाने आणून दिली. जागतिक आरोग्य संघटनेने पैसा देऊ केला आणि १९५९ साली सोसायटीचा पक्षी-स्थलांतर अभ्यास सुरू झाला. सालिम अली तेव्हा साठी ओलांडून गेले होते.

सुरुवातीच्या काळात कच्छमध्ये शिबिरे लागली, पुढे भरतपूरचे घना, तामिळनाडूच्या टोकाचे पॉइंट कॅलिमेअर अशी ठिकाणे वाढत गेली. बारीक धाग्यांची जपानी जाळी आली, पण खरा भरवसा होता बिहारच्या मीरशिकारांवर. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरून विकणारे हे लोक. पाणथळीत फासे कसे मांडायचे, बदकाला इजा न करता कसे पकडायचे, हे त्यांच्या हातात मुरलेले होते. ज्या कौशल्यावर पक्ष्यांचा बाजार चाले, तेच आता विज्ञानाच्या कामी आले.

जाळ्यातून सोडवलेला पक्षी कापडी पिशवीत जाई. मग त्याचे वजन, पंखाची लांबी, पिसांची अवस्था यांची नोंद होई. पायाच्या जाडीप्रमाणे कडे निवडून पक्कडीने हलकेच मिटवायचे. कड्यावर क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळवा अशी इंग्रजीतली विनंती. त्यानंतर डोक्यावरची पिसे फुंकरीने बाजूला करून कानाभोवती, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीखाली पाहायचे, कारण चोच पोहोचत नाही तिथेच गोचीड चिकटतात. चिमट्याने ते काढून कुपीत टाकायचे. पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर पसरायचा. सूक्ष्मदर्शकाखाली या पट्टीवर रक्तपेशींत शिरलेले हिवतापाचे आणि त्यासारखे इतर परजीवी दिसत. यात पक्ष्यांनी माणसावर जुनेच उपकार केलेले होते. रोनाल्ड रॉस यांनी १८९८ साली कलकत्त्यात डास हिवताप कसा पोहोचवतो हे पक्ष्यांच्याच हिवतापावर सिद्ध केले होते. शेवटी ओंजळ उघडायची आणि पक्षी उडून जाई.

आरोग्य संघटनेचा पैसा फार काळ पुरणारा नव्हता. १९६३ च्या सुमारास एक मोठा आश्रयदाता पुढे आला. तो म्हणजे अमेरिकेचे लष्कर. त्यांच्या वैद्यकीय विभागाने बँकॉकच्या प्रयोगशाळेतून आशियाभर एक योजना चालवली होती. ‘मायग्रेटरी अ‍ॅनिमल्स पॅथॉलॉजिकल सर्व्हे’ हे तिचे नाव, बोलण्यात ‘मॅप्स’. तिचे प्रमुख होते एलियट मॅक्‌क्लूर. जपानमध्ये बगळ्यांचा आणि जपानी मेंदूज्वराचा संबंध त्यांनी अभ्यासला होता. बगळे-ढोकऱ्यांच्या रक्तात तो विषाणू वाढतो आणि डास तो पुढे नेतात, हे तेव्हा नुकतेच उलगडले होते. आशियाच्या रानांत आपले सैनिक उतरवणाऱ्या लष्कराला तिथल्या रोगांची माहिती हवी असणे स्वाभाविक होते. जपान-कोरियापासून थायलंड-मलेशियापर्यंत पक्षी पकडले जाऊ लागले. मुंबईची सोसायटीही या साखळीत आली. १९७१ साली योजना संपेपर्यंत आशियात दहा लाखांहून अधिक पक्ष्यांच्या पायांत कडी पडली होती.

उत्तर पायाखाली

आकाशाकडे असे डोळे लागलेले असताना पुण्याच्या केंद्राची माणसे सागर-सोरब भागात ठाण मांडून जमीन चाळत होती. पांढरे कापड जंगलाच्या वाटेवरून फरफटत न्यायचे आणि त्यावर चढलेले गोचीड मोजायचे, असे हे काम. उंदीर, चिचुंद्र्या, खारी, साळिंदरे तपासली गेली. रानकोंबड्या आणि जमिनीवर चरणारे इतर पक्षी तपासले गेले. वर्षे उलटली तसे चित्र स्पष्ट होत गेले.

गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो. अंड्यातून निघालेली बारीक पिले उंदीर-पक्ष्यांसारख्या लहान जीवांवर चढतात. मधल्या अवस्थेतले माकडांना चावतात, माणसालाही चावतात. पूर्ण वाढलेल्यांना मोठे जनावर लागते. पूर्वी रानात ते गव्यासारखे जनावर असेल. आता गावाची गुरे रोज चरायला रानात जात होती. कोलंबियातून आलेले होर्हे बोशेल हे या कामातले मोठे नाव. त्यांनी आपल्या देशात रानातल्या पीतज्वराचा माग काढला होता. १९६९ साली त्यांनी मलनाडच्या रोगाचा पर्यावरणाच्या अंगाने हिशेब मांडला. लोकसंख्या वाढली, जंगल तोडून भातखाचरे आणि बागा पुढे सरकल्या, तोडलेल्या जागी गोचिडांना मानवणारी झुडपे माजली आणि त्यांतून गुरे फिरू लागली. गायीला हा ताप येत नाही, पण तिच्या रक्तावर गोचिडांची फौज पोसली जाते. मग एखादे माकड लागण होऊन झाडावरून पडते, त्याच्या अंगावरचे गोचीड जमिनीवर पसरतात आणि ती जागा विषाने भारल्यासारखी होते. तिथे सरपणाला येणारा पहिला माणूस बळी ठरतो.

या साखळीत सायबेरियाच्या पाहुण्याला जागाच नव्हती. स्थलांतरित पक्ष्यांनी हा विषाणू आणल्याचा पुरावा मिळाला नाही. पक्ष्यांवर सापडणारी गोचिडांची पिले होती ती स्थानिक पक्ष्यांवर, आणि जातही इथलीच. शिवाय गोचीड एका जेवणापुरते काही दिवस अंगाला चिकटून राहतो, मग गळून पडतो. थांबत-थांबत होणाऱ्या काही हजार किलोमीटरच्या प्रवासात त्याने शेवटपर्यंत तग धरणे अवघडच. आणखी एक जुनी नोंद होतीच. क्यासनूरची साथ उद्भवण्याच्या पाच वर्षे आधी, १९५२ साली, कच्छ-सौराष्ट्रातल्या माणसांचे रक्त तपासले गेले होते. त्यात या रशियन घराण्याशी जुळणारी प्रतिद्रव्ये आढळली होती. म्हणजे या कुळातले काहीतरी भारतात आधीपासून नांदत होते. १९५७ साली पाहुणा आला नव्हता. घरातलाच रहिवासी माणसाच्या वाटेत आला होता, किंवा खरे तर माणूस त्याच्या वाटेत गेला होता.

दुसरा आळ

पक्ष्यांवरचा रोगाचा आळ असा विरत गेला, पण काही वर्षांतच त्यांच्यावर दुसरा आला आणि तो पहिल्यापेक्षा गंभीर होता. जुलै १९७४ च्या अखेरीस पीटीआय या वृत्तसंस्थेने एक लांबलचक वृत्त दिले. परदेशी पैशावर भारतात चाललेले काही संशोधन प्रकल्प म्हणजे अमेरिकेच्या जैविक युद्धाच्या तयारीचा भाग असावेत, असा त्याचा रोख होता. त्यात मुख्य होता दिल्लीतला डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचा प्रकल्प. डास निर्बीज करून सोडायचे आणि त्यांची पैदास खुंटवायची, अशी ती योजना. त्यातला एक डास होता एडिस इजिप्ती. पीतज्वर वाहणाऱ्या डासाचा इतका बारकाईने अभ्यास पीतज्वर नसलेल्या देशात कशासाठी, असा सवाल होता. त्या यादीत सोसायटीचा पक्षी-अभ्यासही होता. अमेरिकी लष्कराच्या पैशावर पक्ष्यांचे रक्त आणि गोचीड गोळा होतात, कोणता पक्षी कुठून कुठे जातो याचे नकाशे तयार होतात, ते कोणाच्या कामाचे?

१९५७ साली पुण्यातल्या शास्त्रज्ञांना पीतज्वर आपोआप येईल अशी धास्ती वाटली होती. १९७४ साली दिल्लीतल्या खासदारांना तो कोणी मुद्दाम आणील अशी धास्ती वाटत होती.

ही धास्ती हवेतून आलेली नव्हती. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे पक्षितज्ज्ञ पॅसिफिकच्या बेटांवर पक्ष्यांना कडी घालत होते आणि त्यामागचा पैसा फोर्ट डेट्रिकच्या जैविक युद्धकेंद्राकडून येत होता, हे १९६९ सालीच अमेरिकी वृत्तपत्रांत आणि ‘सायन्स’सारख्या नियतकालिकात झळकले होते. स्मिथसोनियनचे प्रमुख होते डिलन रिप्ली. भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांच्या दहा खंडांच्या महाग्रंथात सालिम अलींचे सहलेखक तेच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जैविक शस्त्रे सोडून देत असल्याचे जाहीर केले होते. पण १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात अमेरिकी आरमार पाहिलेल्या भारतात त्या शब्दावर विसंबायला फारसे कोणी तयार नव्हते.

मामला संसदेत गेला आणि ज्योतिर्मय बसू यांच्या अध्यक्षतेखालच्या लोकलेखा समितीकडे आला. एप्रिल १९७५ मध्ये समितीने आपला १६७ वा अहवाल सादर केला. परदेशी सहकार्याने चालणाऱ्या संशोधनावर सरकारची देखरेख किती ढिली आहे, यावर तिने कडक ताशेरे ओढले. डासांच्या प्रकल्पाचा उपयोग भारताच्या आरोग्यापेक्षा अमेरिकेच्या लष्करालाच अधिक, असे तिचे मत पडले. दिल्लीचा प्रकल्प त्याच वर्षी गुंडाळला गेला. सालिम अली यांनी सोसायटीवरचा आरोप फेटाळला.

निवाडा करायचा झाला तर दोन्ही बाजूंचे पारडे पाहावे लागते. पक्ष्यांमार्फत भारतात कोणी रोग पेरला किंवा पेरायचा घाट घातला, याचा पुरावा कधी पुढे आला नाही. मॅप्सची माहितीही तिजोरीत गेली नाही. मॅक्‌क्लूर यांचा आशियातल्या पक्ष्यांच्या स्थलांतरावरचा जाडजूड ग्रंथ १९७४ सालीच प्रसिद्ध झाला आणि प्रकाशक म्हणून त्यावर अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाचे नाव उघडपणे छापलेले आहे. पण पक्षी कुठून येतो आणि अंगावर काय घेऊन येतो, ही माहिती साथ थोपवायला जशी उपयोगी, तशी साथ पसरवायलाही. ती देणाऱ्याचा हेतू शुद्ध असला तरी घेणाऱ्याचा हेतू विचारण्याचा हक्क देशाला होता. शास्त्रज्ञांनी आणि सरकारने तो प्रश्न दहा वर्षे आधी विचारला असता, तर सालिम अलींसारख्या माणसाला उतारवयात संशयाच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले नसते.

चुकलेल्या प्रश्नाचे फळ

या सगळ्या उठाठेवीतून हाती काय लागले? ज्या प्रश्नासाठी पक्षी पकडले, त्याचे उत्तर पक्ष्यांकडे नव्हते. मात्र न विचारलेल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरे त्यांनी दिली. भरतपूरला कडे घातलेली बदके मध्य आशियात आणि सायबेरियात सापडली. कड्यांवरचा मजकूर वाचून दूरदूरच्या लोकांनी मुंबईला पत्रे धाडली. हिमालयाच्या पलीकडून येणाऱ्या वाटा नकाशावर उमटल्या. एक तळे आटले तर हजारो मैलांवरच्या पाखरांचे काय होते, हे दाखवता येऊ लागले. पुढे भरतपूर राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. कडी घालण्याचे शास्त्र शिकलेली अभ्यासकांची एक पिढीच या शिबिरांतून तयार झाली.

आळ घ्यायची सवय मात्र गेली नाही. २००५ साली चीनच्या चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले. त्यांत पट्टकदंब हंस मोठ्या संख्येने होते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांत हा रोग आढळला. भारतातली ती पहिलीच नोंद. लगेच सर्वांची बोटे आकाशाकडे गेली. यावेळी संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता, कारण रानपक्षी हा विषाणू वाहून नेऊ शकतात हे चिंगहाईने दाखवले होते. पण खच्चून भरलेली खुराडी आणि कोंबड्या, अंडी, खाद्य यांची गावोगाव होणारी ने-आण तपासण्याआधीच पक्ष्याला आरोपी ठरवले, की तपास तिथेच थांबतो. क्यासनूरचा धडा हाच होता.

आणि माकडांचा तो रोग? तो मलनाडात थांबला नाही. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल साफ केले गेले आणि मोठी साथ उसळली. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात दिसला. २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला. मंगन कायिले मराठीत ‘माकडताप’ झाली. तिथेही हंगाम तोच, थंडी सरून काजूच्या बिया गोळा करायचे दिवस येतात तो. आजारी पडणारेही तेच, पहाटे बागेत वाकून बी वेचणारे बाया-बापये.

या गावांना सायबेरियाकडे पाहण्याची गरज नाही. बागेत मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवावे. रानात जाताना अंग झाकावे, आरोग्य खाते देते ते गोचीड दूर ठेवणारे तेल हातापायांना चोळावे. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग नीट तपासावे, आणि गोठ्यातल्या गुरांचे गोचीड वेळच्या वेळी काढावेत. माकडतापाचा गोचीड इथलाच आहे, आणि तो रानातून घरी येतो तो आपल्याच अंगावरून.